फुटला तर आधी मी!

मस्कतमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर मी एसीचं काम करत होतो, तेव्हा सुजाताचा फोन आला. "बाबा गेले..." एवढंच बोलली. माझी बायको एरवी इतकं कमी बोलत नाही. मी स्पॅनर खाली ठेवला आणि भर उन्हात तसाच बसून राहिलो. मामा म्हणजे माझे सासरे, पेणचे. शहाऐंशी वर्षांचे होते. मी अंत्यविधीला गेलो नाही. बाराव्यालाही नाही. त्यावरून बरंच बोललं गेलं, म्हणून हे लिहितोय. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाचं लिहिणं आहे, सांभाळून घ्या.

मामांनी चाळीस वर्षं प्रेशर कुकर विकले. पेण ते रोहा, मधल्या गावागावांत, एसटीने. वडखळच्या नाक्यावर ते उतरले की चहावाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या घरची चौकशी व्हायची, त्यात दोन गाड्या सुटायच्या. त्या काळात बायका कुकरला घाबरायच्या. बॉम्बच आणलाय म्हणायच्या. मामा त्यांच्याच चुलीपाशी कुकर चढवायचे आणि त्याला जवळजवळ पाठ टेकून बसायचे. "बसा गो बिनघोर. फुटला तर आधी मी!" शिट्टी झाली की पोरं पळायची, मामा जागचे हलायचे नाहीत.

एकदा धरमतरच्या बाजूला मिठागरात काम करणाऱ्या एका बाईकडे त्यांनी बिरडं लावलं. मोड आणून सोललेले वाल, त्यांना हलक्या हाताने वाफ द्यायची असते. मामांनी तुरीच्या डाळीसारख्या चार शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर लगदा. ती बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काय वो कुकरवाले, ह्ये बिरडं हाय का पिठलं? पेणचे ना तुमी? आयशीनं कदी चुलीजवळ बसवला नाय वाटतं!" दुसरा कोणी असता तर सामान उचलून चालता झाला असता. मामांनी तो लगदा भाकरीशी मिटक्या मारत खाल्ला, कुकर न विकता परत आले आणि आठवड्याने पुन्हा तिच्याच दारात. "आता तुम्ही शिकवा." तिने शिकवलं, आणि मग तिनेच अख्ख्या आळीत कुकर खपवले. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकली, की दर वेळी ती बाई थोडी उंच आणि थोडी जास्त चिडकी होत गेली.

मी रोह्याचा. धाटावच्या एका कंपनीत कंत्राटावर होतो, तेव्हा सुजाताला बघायला गेलो. मामांचे धाकटे भाऊ, नाना, यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "शिक्षण?" मी पुटपुटलो, "आठवी." नानांनी चहाची बशी खाली ठेवली. मामा म्हणाले, "नाना, मी कुकर विकतो तेव्हा तो किती शिकलाय असं कोण विचारत नाय रे. शिट्टी वाजते का, एवढंच बघतात. ह्याची वाजेल." सगळे हसले, आणि माझं लग्न ठरलं. तो दिवस मी विसरणार नाही.

ते गेले तेव्हा सुट्टी मागितली. साहेब म्हणाला, जा, पण परत बोलावेनच असं नाही. मुलगी कॉलेजात आहे... मी सुट्टीचा अर्ज परत घेतला. शेवटच्या भेटीत खाटेवरून मामाच म्हणाले होते, "जावईबापू, मी गेल्यावर धावत येऊ नका. तेव्हा काय गप्पा मारणार माझ्याशी? त्यापेक्षा आता चार दिवस जास्त रहा." मी राहिलो होतो. रोज त्यांची दाढी केली, त्यांच्या शिव्या खाल्ल्या, भरपूर हसलो. बाराव्याला नाना पंगतीत मोठ्याने म्हणाले, "जावयाला नोकरी प्यारी." म्हणोत. मी माझ्या माणसाला जिवंतपणी भेटलोय, त्याची माफी मी कोणाकडे मागणार नाही.

भीती एकच होती, मामींची, म्हणजे सासूबाईंची. मामा गेल्यापासून त्या फोनवर आल्या नव्हत्या. सुजाता म्हणायची, "आई झोपलीय." रोज कशी झोपेल?

मामा दर शुक्रवारी, माझ्या सुट्टीच्या सकाळी, फोन करायचे. माझ्याशी दोन मिनिटं, मग मस्कतच्या आमच्या खोलीत राहणाऱ्या सगळ्यांशी. आमचा केरळचा बशीर त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण त्याच्या गुडघ्याची खबर माझ्याआधी त्यांना असायची. ते गेल्यावर तीन शुक्रवार मुके गेले. चौथ्या शुक्रवारी फोन वाजला. मामांचाच नंबर. माझ्याने उचलवेना, बशीरने उचलून माझ्या कानाला लावला.

"जावई, जेवलात?"

"मामी... मी आलो नाही. तुम्ही रागावलात..."

"ह्यांनी सांगितलं तसंच केलंत ना? मग झालं. नानाला मी पंगतीतच वाढता वाढता गप्प केला. इतके दिवस ह्यांचा मोबाईल हातात धरवत नव्हता, म्हणून नाय बोलले." मग नाक ओढून म्हणाल्या, "पण ह्यांचा फोन बंद नाय पडू द्यायचा. बशीरभाईचा गुडघा कसा हाय? द्या त्याला."

"मामी, त्याला मराठी येत नाही. तुम्हाला हिंदी..."

"नाय येत. तरी द्या."

मी दिला. दहा मिनिटं झाली, दोघंही आपापल्या भाषेत बोलत होते, आणि फोन ठेवायला कोणीच तयार नव्हतं.