विंगेतला आवाज

मी एकतीस वर्षं नाटकात होतो आणि एकाही प्रेक्षकानं माझं तोंड पाहिलं नाही. यात प्रेक्षकांचंच नशीब थोर. मी प्रॉम्प्टर. दिवसा उद्यमनगरच्या फाउंड्रीत भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून बोंबलायचं आणि संध्याकाळी विंगेत उभं राहून नटांना वाक्यं कुजबुजायची, एवढीच माझी कलासेवा. जुनी नाटकं अख्खी तोंडपाठ. बाजारातून काय आणायला सांगितलंय ते मात्र कधी लक्षात राहिलं नाही.

माझी बायको शालूबाई एकदाच नाटकाला आली. परतताना म्हणाली, "सगळी दिसली. तुमी कुटं हुतासा?" ते माझ्या फार जिव्हारी लागलं. एकदा तरी हिच्या कानावर नाटकातून आपला आवाज पडावा, एवढी एकच इच्छा उरली.

२००४ साली तो योग आला. आमच्या मंडळातल्या अनुजानं एका जुन्या राजेशाही नाटकाची सीडी काढायचं ठरवलं. नुसतं ऐकायचं नाटक, तेही आजच्या काळातलं. राजाचा झाला साखर कारखान्याचा चेअरमन, अमात्याचा पीए आणि युद्धाच्या जागी निवडणूक. मला संताप आला. पण अनुजानं मला वॉचमनचं काम दिलं आणि माझा संताप जागच्या जागी विरघळला. वाक्य एकच होतं, "साहेब, पावणं आल्यात." मी गल्लीभर सांगून टाकलं.

स्टुडिओत माझी पाळी आली. माइकसमोर उभा राहिलो, तोंड उघडलं आणि कुजबुजलो.

"काका, मोठ्यानं," अनुजा म्हणाली.

मी पुन्हा कुजबुजलो. हातात नाटकाचा कागद आला की आवाज आपोआप खाली उतरायचा, त्याला मी काय करणार? असं अकरा वेळा झालं.

"फाउंड्रीत वरडता तसं वरडा की," चेअरमन झालेला विजयसिंह म्हणाला.

कागद बाजूला ठेवून बघितला, तर वाक्यच आठवेना. दुसऱ्यांची नाटकं पाठ असलेल्या माणसाला स्वतःचे तीन शब्द सुचेनात. शेवटी विजयसिंहानंच आवाज बदलून माझं वाक्य म्हटलं.

हे घरी सांगायचा धीर झाला नाही. सीडी आली त्या रविवारी शेजारच्या बनाबाईंनी त्यांचा प्लेअर आणला आणि गल्ली आमच्या घरात जमली. "साहेब, पावणं आल्यात," असं खणखणीत ऐकू आलं, तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून त्या घेतल्या. लाज वाटली, पण परत केल्या नाहीत.

माणसं गेल्यावर शालू म्हणाली, "त्यो आवाज तुमचा न्हाय."

मी सीडी डबीत घालू लागलो.

"आन् जुन्या नाटकातलं राणीचं शेवटचं बोलणं गाळलंय की ह्यांनी."

"तुला काय ठाऊक?"

"एकतीस वर्षं दाढी करताना तीच वाक्यं कुजबुजतासा. मी काय भैरी हाय व्हय?"

मला एकदम भरून आलं. मी इकडं तिकडं बघत बसलो.

"म्हणा की ते," ती म्हणाली.

मी सुरू केलं, माझ्या त्याच विंगेतल्या आवाजात. "महाराज, सिंहासनाचा मोह मला कधीच नव्हता. त्यावर बसलेला..." आणि पुढचं काही येईना.

"माणूस," शालूनं हळूच सांगितलं. "माणूस तेवढा हवा होता."