सहा वाजता दार बंद

माझ्या पाळणाघराच्या दारावर एक पाटी होती. ‘सहा वाजता दार बंद होईल. महिन्यात तीनदा उशीर झाल्यास प्रवेश रद्द.’ ही पाटी मी स्वतः रंगवली होती आणि तिचा मला अभिमान होता. सहाच का, असं मला बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी मी सहा लिहिलं, म्हणून सहा.

पालक उशिरा आले की कसे येतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. धापा टाकत येतात, दारातूनच ‘सॉरी मावशी, सॉरी’ सुरू होतं, मग साहेबांपासून सिग्नलपर्यंत सगळ्यांच्या नावाने पाढा वाचतात. मी कपाळाला आठ्या घालून ऐकते आणि वहीत वेळ लिहिते. एवढं झालं की दोन्हीकडून समाधान होतं.

काडीच्या आईने मला हे समाधान कधी दिलं नाही.

काडी म्हणजे तिची मुलगी. वय आठ, अंगाने काडी आणि स्वभावानेही काडीच. जरा घासलं की पेटायची. आई लिफ्टची मेकॅनिक. खाकी पँट, कमरेला हत्यारांचा पट्टा, कोपरापर्यंत ग्रीस. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना तिने वडिलांच्या रकान्यात लिहिलं, ‘आहेत, पण इथे नाहीत.’ तातडीच्या वेळी संपर्कासाठी दोन नंबर मागितले होते, तर दोन्ही तिचेच. मी म्हटलं, “अहो, दुसरा नंबर दुसऱ्या माणसाचा हवा.”

“दुसरं माणूस नाहीये,” ती म्हणाली. “दुसरा फोन आहे.”

ती पेनाचं टोपण लावून मोकळी झाली.

तिच्याबद्दल बाकीच्या आया ‘बिचारी’ म्हणायच्या. एकदा तिने ते ऐकलं. इकडेतिकडे बघून विचारलं, “कोण बिचारी? मला तर इथे कुणी दिसत नाही.” तेव्हापासून त्या तिच्या पाठीमागे म्हणायला लागल्या.

उशीर झाला की ही चालत दारात यायची, घड्याळ बघायची आणि म्हणायची, “नऊ मिनिटं. लिहा.” मला तर असं वाटायचं की उशीर माझाच झालाय. तिचा राग यायचा मला, खोटं कशाला बोलू? आणि तरीही एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नव्हती. मुलीला हात लावण्याआधी ती आमच्या मोरीत उभी राहून कोपरापर्यंत हात धुवायची. नखं घासायची. मग वाकून म्हणायची, “बोला, काय बातमी?” आणि काडी दिवसभराची भांडणं एका दमात सांगायची. एकदा काडीला ताप भरला आणि आई फोन उचलेना. दोन्ही नंबरांवर मी सोळा वेळा फोन केला. लिफ्ट ज्यातून वर-खाली जाते त्या बोगद्यात रेंज नसते म्हणे. ती आली तेव्हा मी तोंडाचा पट्टा सोडला. तिने सगळं ऐकून घेतलं, मुलीला खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, “बरोबर बोललात. पण मी आत असताना लक्ष फोनकडे ठेवलं तर हिला न्यायला कुणीच येणार नाही.” दुसऱ्या दिवसापासून ती दर दोन तासांनी बोगद्यातून बाहेर येऊन मला फोन करायची. “आहे ना?” एवढंच. मी “आहे” म्हणायचे. फोन बंद.

त्या महिन्यात तिचे दोन उशीर झाले होते. तिसरा झाला असता तर काडीची जागा गेली असती, आणि वेटिंग लिस्टवर अकरा मुलं होती. दुपारी तीन ते सहा काडीला सांभाळणारं दुसरं कुणी नव्हतं. सासू होती, दुसऱ्या गावात. ती मुलीला कायमची घेऊन जायला एका पायावर तयार होती, हे काडीनेच मला सांगितलं होतं. “आजी म्हणते, आईला जमत नाही. आई म्हणते, जमतंय.” मला सगळं माहीत होतं. तरी नियम म्हणजे नियम.

त्या दिवशी तिचं काम माझ्याच इमारतीत होतं. माझं घर पाळणाघरापासून दोन गल्ल्यांवर, सातव्या मजल्यावर. सकाळीच खाली कागद चिकटवला होता, लिफ्ट साडेपाचपर्यंत बंद. माझे गुडघे अर्धे नियमाने आणि अर्धे तेलाने चालतात, त्यामुळे कागद मी दोनदा वाचला होता.

सहाला पाच कमी असताना ती दारात आली. चक्क पळत. मी घड्याळाकडे बघितलं, तिनेही बघितलं. आमच्या दोघींच्या तोंडावर ‘सुटले बाई’ असंच होतं, तिच्या तोंडावर जरा जास्तच. हात धुतले, सही केली, काडीच्या बुटाची नाडी बांधायला वाकली, आणि तिच्या गळ्यातून दोरीला बांधलेली एक चावी बाहेर लोंबली.

ती तशीच वाकलेली राहिली. मग हळूच चावी मुठीत धरली.

हे काय होतं ते मला नंतर कळलं, पण आत्ताच सांगते. लिफ्टचं काम करताना गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत मेन स्विच बंद करतात आणि त्याला लाल कुलूप घालतात. कुलपाला पाटी असते, ‘माणूस आत आहे.’ म्हणजे चुकून कुणी लिफ्ट सुरू करून आतल्या माणसाचा चेंदामेंदा करू नये. चावी एकच, ती कुलूप लावणाऱ्याच्या गळ्यात. काम संपलं की त्यानेच वर जायचं आणि कुलूप काढायचं. त्या दिवशी ती अकराव्या मजल्यावर बोगद्यातून बाहेर पडली तेव्हा पावणेसहा झाले होते. एक मजला वर जायचं, ते सोडून ती अकरा मजले खाली धावली. तिचा जोडीदार दुपारीच दुसऱ्या कामाला गेला होता, आठवण करून द्यायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. आमच्या इमारतीचा सेक्रेटरी. त्याचा आवाज फोनमधून मलाही ऐकू येत होता. “लिफ्ट बंद, लोक खाली अडकलेत, मी कुलूप तोडायला माणूस पाठवतोय.”

“कुलपाला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “चावी माझ्या गळ्यात आहे, म्हणजे माणूस आत आहे. मी येतेय.” मग माझ्याकडे वळली. “मावशी, हिला अर्धा तास ठेवाल?”

सहा वाजून दोन मिनिटं झाली होती. मी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं. आज ते बोट आठवलं की मला माझीच लाज वाटते.

तिने विनवणी केली नाही. “चल गं काडी,” म्हणाली, “आज तुला आईचं ऑफिस दाखवते.”

मी पाळणाघराला कुलूप लावून घरी पोचले तेव्हा जिन्यापाशी दहा-बारा माणसं उभी होती. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा पायाला प्लॅस्टर घालून हॉस्पिटलमधून आलेले, खुर्चीवर बसवलेले. एक बाई झोपलेलं बाळ घेऊन. आणि सेक्रेटरी हातात कागद घेऊन जिन्यात आडवा उभा. काडीची आई त्याच्यासमोर.

“आधी कुलूप, मग भांडण,” ती म्हणाली. मग तिची नजर माझ्यावर पडली. “मावशी, हिला वर नेता येत नाही, मशीन आहे. पाळणाघर बंद आहे ते कळलं मला. पण इथे तुम्ही शेजारीण आहात. बसा हिच्याजवळ.”

हे विचारणं नव्हतं. मी बसले. ती गेलीसुद्धा.

पाच मिनिटांत यायची लिफ्ट वीस मिनिटं आली नाही. ती प्रत्येक मजल्यावर थांबून लिफ्टचं दार ओढून बघत होती. वरून आवाज यायचा, “चार बंद! पाच बंद!” सेक्रेटरी चिडून म्हणाला, “नुसतं कुलूप काढायला एवढा वेळ?”

“असं नुसतं नाही काढायचं,” काडी म्हणाली. “आधी आत कुणी नाही ना ते स्वतः बघायचं. लावलं त्यानेच बघायचं.”

“फार शिकवलंय आईने. आणि आई कुलूप विसरून पळाली कशाला?”

काडीने माझ्याकडे बघितलं. तक्रार म्हणून नाही, आनंदाने. “आमची रोज शर्यत असते. मावशींच्या घड्याळाशी. आज आम्ही जिंकलो ना, मावशी? पाच मिनिटं आधी!”

मला जिन्याची पायरी टोचायला लागली. सगळे माझ्याकडे बघत होते असं मला वाटलं. खरं तर कुणी बघत नव्हतं, कुणाला काही कळलंच नव्हतं. मला मात्र कळलं. वरचा एक मजला तिने कुणासाठी सोडला होता, ते कळलं.

लिफ्ट खाली आली. घामाने भिजलेली ती बाहेर पडली आणि थेट आजोबांपाशी गेली. “आजोबा, माझ्यामुळे ताटकळलात. माफ करा मला.” त्यांना खुर्चीसकट आत ठेवलं, बाळवाल्या बाईला आत घेतलं, बटण दाबून दिलं. मग सेक्रेटरीकडे वळली. “हं. आता भांडण.”

त्याचा कागद म्हणजे तिच्या कंपनीला तक्रार होती. खाली रहिवाशांच्या सह्या घ्यायच्या होत्या. त्याने मोठ्याने वाचला. कर्मचारी कुलूप न काढता निघून गेली, वृद्धांची गैरसोय झाली. इथपर्यंत ती मान हलवत होती. पुढे होतं, ‘सदर महिला एकटी मूल सांभाळत असल्याने तिचे कामात लक्ष नसते.’

“हे खोडा,” ती म्हणाली.

“खरं आहे ते.”

“चूक झाली. माझी झाली. तारीख, वेळ, सगळं लिहा, मी स्वतः खाली सही करते. कंपनी काय शिक्षा द्यायची ती देईल. पण ही चूक मेकॅनिकची आहे, आईची नाही. गेल्या महिन्यात तुमच्या पंपवाल्याने टाकी रात्रभर वाहू दिली. तेव्हा लिहिलंत का, की सदर पुरुषाला दोन पोरं आहेत?”

कुणीतरी मागे खुदकन हसलं. सेक्रेटरीचे कान लाल झाले. “एवढी कसली घाई होती मग तुम्हाला, ते तरी सांगा!”

आता ती माझं नाव घेणार, असं मला वाटलं. मी समोरच होते. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं, आणि बोट दाखवायचं मीच तिला मघाशी शिकवलं होतं.

“घाई माझी होती,” ती म्हणाली.

मला राहवलं नाही. “तिची कसली? घाई माझी होती!” माझा आवाज जिनाभर घुमला. “ही आणखी दहा मिनिटांनी आली असती तर मी हिच्या पोरीला उद्यापासून घेणार नव्हते. ते वाक्य खोडा, नाहीतर दोषी म्हणून माझंही नाव घाला. आणि माझी सही तुम्हाला मिळायची नाही.”

त्याने वाक्य खोडलं. तिने उरलेला कागद नीट वाचला, खाली सही केली आणि काडीचा हात धरून निघून गेली. माझे आभारबिभार काही मानले नाहीत. कंपनीने तिला लेखी ताकीद दिली. तिने ती घडी घालून हत्यारांच्या पेटीत ठेवली, हे काडीकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला बाजूला घेतलं. मोठं मन करून म्हटलं, “हे बघ, तुझं सगळं एकटीचं आहे. तू साडेसहापर्यंत येत जा. मी कुणाला सांगणार नाही.”

मला वाटलं होतं, निदान हसेल तरी. तिने हात पुसायचे थांबवले.

“मला एकटीला नको.”

“अगं, सोय करतेय तुझी.”

“सोय नाही ही. उद्या मला उशीर झाला की सगळे म्हणणार, बिचारी, हिला चालतं. आणि काडी ते ऐकणार. साडेसहापर्यंत दार उघडं ठेवता येत असेल तर सगळ्यांसाठी ठेवा. नसेल येत तर सहाला बंद करा, मी पळत येईन. पण मला चोरून अर्धा तास दिलात, तर मी उद्या काडीचं नाव काढून घेईन. मग मी बघेन काय ते.”

बावीस वर्षांत मला असं कुणी धमकावलं नव्हतं. माझ्याच पाळणाघरात, माझ्याच टॉवेलला हात पुसत! डोक्यात राख घालून मी घरी गेले. नाव काढते म्हणजे काय? काढू दे. वेटिंग लिस्टवर अकरा आहेत. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तीही दोन्ही दिवस सहाच्या आत पळत आली, सही केली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी मी रंगाचा डबा उघडला.

सोमवारी नवी पाटी लागली. साडेसहा, सगळ्यांना. सहा वाजले तेव्हा सवयीने मी दारात जाऊन उभी राहिले. गल्लीच्या टोकाकडून पालक येत होते. बँकेतली बाई, औषधाच्या दुकानातला बाप, जुळ्यांची आई. ओळखीचीच माणसं, पण काहीतरी वेगळं होतं आणि मला पटकन कळेना. मग लक्षात आलं. ती सगळी चालत येत होती. बावीस वर्षं मी त्यांना रोज धावतानाच पाहिलं होतं आणि मनात म्हणत होते, काय ही धांदरट माणसं.