बाळावर धरलेलं सूप

गेल्या आठवड्यात आमच्या गावाबाहेर धानाच्या बांधीत आभाळातून एक लोखंडी कडं पडलं, बैलगाडीच्या चाकाहून मोठं. कुठल्याशा देशाच्या यानाचा तुकडा, असं तहसीलदार म्हणाले. बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, "पुन्हा कोपू नको" म्हणून हात जोडले.

आज सकाळी शेजारची सुगंधा बाळाला घेऊन अंगणात आली, ती त्याच्या डोक्यावर सूप धरूनच. ऊन तर अजून आलंही नव्हतं.

"हे काय गं?"

"वरून काही पडलं तर, काकू?"

मला हसू येईना. यान खाली उतरवायचा परवाना देताना म्हणे हिशेब करतात. माणूस मरायची शक्यता नगण्य असली की परवानगी मिळते. नगण्य लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे कुणाचा चेहरा येत असेल? एवढा धोका चालेल का, असं आम्हाला कुणीच विचारलं नाही. या आभाळाकडे आम्ही पावसाखेरीज कधी काही मागितलं नव्हतं. आता त्याला दार कसं बसवायचं, कडी कुठे लावायची?

"काही होत नाही गं," म्हणायला गेले, पण माझीच नजर वर गेली. घरात जाऊन मी आमचं सूप आणलं आणि तिच्या सुपावर धरून उभी राहिले.