चौथ्या खोलीचा कोपरा

गवंडीकाका पंचवीस वर्षं भिंती बांधत होते आणि त्यानंतरची चौदा वर्षं पडक्या भिंती राखत होते. परांचीवरून पडून गुडघा कायमचा अधू झाला, तेव्हा ओळखीच्या कुणीतरी ही चौकीदारी मिळवून दिली. "जन्मभर उभारल्या, आता पडलेल्या सांभाळा," बायको म्हणाली. काकूंच्या जिभेला हाड नव्हतं, पण खोटं मात्र त्या कधी बोलल्या नाहीत.

गावापासून तासाभराच्या चढावर, डोंगराच्या खांद्यावर कुठल्याशा जुन्या वस्तीच्या सात खोल्या होत्या. खोल्या म्हणजे काय, तर कमरेइतक्या भिंती. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. हजार वर्षांच्या की दोन हजार, हे खुद्द पुरातत्त्व कार्यालयालाही ठाऊक नव्हतं. एक गंजका फलक, तारेचं कुंपण, फाटक, पत्र्याची चौकी, चौकीत खुर्ची आणि येणाऱ्यांची वही, एवढाच संसार. वहीत महिन्याला दोन-तीन नावं पडली तरी खूप. त्यातलाही एखादा वाट चुकूनच आलेला असे आणि वर विचारी, "इथे बघण्यासारखं काय आहे?" काकांचा पारा चढे. "डोळे आणलेत का सोबत?" असं ते विचारत आणि मग त्याला हाताला धरून सातही खोल्या फिरवत. सुटका नाही!

कामावर घेताना साहेबांनी एकच नियम सांगितला होता. खड्यालाही हात लावायचा नाही. पडलं तर पडू द्यायचं, कळवायचं आणि गप्प बसायचं. आता, गवंड्याला पडलेली भिंत दाखवायची आणि हात लावू नकोस म्हणायचं, म्हणजे भुकेल्यापुढे ताट ठेवून त्याचे हात बांधण्यातलाच प्रकार. पण काकांनी तीन वर्षं नियम पाळला.

चौथ्या वर्षी चुकार गुरं कुंपण मोडून आत घुसली आणि चौथ्या खोलीचा उताराकडचा एक कोपरा ढासळला. काकांनी कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. तिन्हींना एकच उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." हिवाळा गेला, दगड तसेच पडून. रोज येता-जाता तो ढिगारा दिसे आणि काकांचे हात शिवशिवत. शेवटी एका सकाळी त्यांनी डबा बाजूला ठेवला, बाह्या सरसावल्या आणि दिवस मावळायच्या आत कोपरा उभा केला.

बरं, होता तसा केला असता तर एकवेळ ठीक होतं. सातही खोल्यांच्या उताराकडच्या भिंतीचे दोन्ही कोपरे जुन्या माणसांनी उघडे सोडले होते. तिथे दोन भिंती शेजारी शेजारी नुसत्या उभ्या, मधे बोटभर फट. कुठलाही गवंडी म्हणेल, कच्चं काम! काकांनी दोन्ही भिंतींचे दगड एकाआड एक गुंफले आणि कोपरा पक्का करून टाकला. "जुन्यांची चूक होती, मी सुधारली," घरी आल्यावर ते छाती फुगवून म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला.

अकरा वर्षं ही गोष्ट नवराबायकोतच राहिली. दगडांवर शेवाळ चढलं आणि नवंजुनं एक झालं. मग मापवाल्या बाई आल्या.

विद्यापीठातून आलेली ही तिशीतली बाई गळ्यात फीत अडकवून गुडघ्यांवर रांगत एकेक दगड मोजायची आणि मोठ्या कागदावर काढायची. काकांना आभाळ ठेंगणं झालं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी दगडांकडे नीट बघत होतं! ते फितीचं दुसरं टोक धरायचे, सावली सरकली की छत्री सरकवायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई ओरडल्याच, "काका, लवकर या!"

काका लंगडत गेले. बाई चौथ्या खोलीच्या कोपऱ्याजवळ उभ्या होत्या आणि आनंदाने नाचायच्याच बाकी होत्या. "उताराकडच्या चौदापैकी तेरा कोपरे उघडे आणि हा एकच गुंफलेला! म्हणजे ही खोली बांधताना कुणीतरी नवा कसबी माणूस इथे आला असणार. काका, माझ्या पुस्तकाचं अख्खं प्रकरण या कोपऱ्यावर उभं राहील."

तो नवा कसबी माणूस बाईंच्या समोर छत्री धरून उभा होता.

संध्याकाळी घरी ते उंबऱ्यातच बसले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"सांगून टाका," त्या म्हणाल्या.

"अगं, नोकरी जाईल. तेही जाऊ दे, मला पुन्हा फाटकाच्या आत पाऊल टाकू देणार नाहीत. झाकली मूठ झाकलेली बरी."

"त्या पोरीनं तुम्हाला काका म्हटलं ना? मग तिच्या पुस्तकात तुमचं खोटं छापून येणार आणि तुम्ही मूग गिळून बघत बसणार? तुम्हाला चालत असेल तर बसा बापडे."

काकांना चालणार नव्हतं आणि हे काकूंना पुरतं ठाऊक होतं.

सकाळी बाईंनी फीत उलगडायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं. "बाई, तो कोपरा माझा आहे. अकरा वर्षांपूर्वी मीच बांधला."

बाईंना आधी ती थट्टाच वाटली. मग चेहरा उतरला आणि मग त्या भडकल्या. "अहो, राखायला ठेवलं होतं ना तुम्हाला? कुंपणानंच शेत खायचं?" काका खाली मान घालून ऐकत राहिले. एवढ्या मायेनं वागणाऱ्या माणसाचं बोलणं फार लागतं. त्यांचे डोळे भरून आले.

बाई दमून दगडावर बसल्या, तेव्हा ते चाचरत म्हणाले, "एक दाखवू? दाखवायला तोंड राहिलेलं नाही, तरी."

त्यांनी कोपऱ्यावरचं शेवाळ बोटांनी खरवडलं. त्यांनी गुंफलेल्या लांब दगडांपैकी दोन दगड मधोमध तडकले होते.

"ह्या बाजूच्या भिंती कातळावर बसल्यात, त्या हलत नाहीत. उताराकडची मातीवर आहे. पावसात माती फुगते, उन्हाळ्यात आकसून खाली बसते, भिंत तिच्याबरोबर वरखाली होते. फट ठेवली की दोघी आपापल्या जागी सुखात. मी त्यांची गाठ मारली आणि दगड फुटले. तेरा जुने कोपरे बघा, एकही तडा नाही. चूक त्यांची नव्हती बाई, माझी होती. हा दुसरा तडा गेला तेव्हा मला कळलं."

बाईंनी उठून सामानातली लोखंडी सळई उचलली आणि एकेका खोलीत भिंतीच्या कडेने टोचत सुटल्या. कातळ, कातळ, माती. चौदाच्या चौदा ठिकाणी तेच निघालं. परत आल्या तेव्हा धापा टाकत होत्या. "काका, हे तर माझ्या प्रकरणापेक्षा मोठं निघालं! जमीन ओळखून भिंत सुटी ठेवायचं ज्ञान होतं या लोकांना. पण तुमचं मला लिहावं लागेल. सगळं."

"लिहा," काका म्हणाले.

पुढचे दोन महिने त्यांनी जीव मुठीत धरून काढले. रोज फाटक उघडताना वाटे, आजचं शेवटचं. एक दिवस कार्यालयाचा लिफाफा आला. काकांचा हात पुढे होईना, म्हणून काकूंनीच फोडून मोठ्याने वाचला. वर कडक समज होती, असा प्रकार पुन्हा घडल्यास गय केली जाणार नाही. खाली लिहिलं होतं, कोपरा मूळच्या पद्धतीनं उभा करावा, काम तज्ज्ञ बाईंच्या देखरेखीखाली व्हावं आणि ही बांधणी जाणणारा दुसरा माणूस नसल्यामुळे ते सदर चौकीदाराकडूनच करून घ्यावं.

"कान पिळला आणि त्याच हातानं हातोडा दिला," काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या.

काम चार दिवस चाललं. उतरवलेल्या प्रत्येक दगडावर बाईंनी खडूने आकडा घातला. रचताना काकांचा हात तीनदा आपोआप लांब दगडाकडे गेला आणि तीनदा त्यांनी तो मागे घेतला. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा दगड बसला. बाई फोटो काढायला पलीकडे गेल्या होत्या. काकांनी दोन भिंतींमधल्या फटीत बोट घालून वरपासून खालपर्यंत फिरवलं. ते कुठेही अडलं नाही.

मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि हजार की दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याला मोठ्याने सांगितलं, "चुकलं माझं, दादा. तुझंच बरोबर होतं."