पापण्यांतले पाहुणे आणि माझा चातुर्मास

आधीच सांगते, हसायचं नाही. हसलात तर चहा परत घेईन! असा घोळ मी आयुष्यात दुसरा घातलेला नाही.

मला व्रतांची हौस. यंदाच्या चातुर्मासात मी नेम धरला: कुठलाही जीव मारायचा नाही. ओट्यावरची मुंगीसुद्धा कागदावर घेऊन खिडकीबाहेर सोडायची. आणि नेमके तेव्हाच माझे डोळे लाल! पापण्या सुजलेल्या, आत वाळू गेल्यासारखं खुपायचं. गालांवरची लाली तर दोन वर्षं होतीच. ती सोलापूरच्या उन्हाची, असं मी धरून चालले होते.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं. म्हणाल्या, “काकू, गालांवरचं आणि डोळ्यांतलं दुखणं एकच. रोझेशिया. पापण्यांच्या मुळाशी बारीक किडेही जास्त दिसतात.”

“किडे? जिवंत?”

“हो, आठ पायांचे. साध्या नजरेला दिसत नाहीत. थोडेफार सगळ्यांच्याच असतात. तुमचे वाढलेत, त्यानं त्रास वाढत असावा. नक्की किती, ते अजून ठाम सांगता येत नाही. रोज शेक द्या, आणि या औषधानं पापण्या पुसा.”

आता सांगा, मी काय करावं? नेम धरून आठ दिवस झाले नव्हते, आणि देवानं परीक्षेला आठ पायांचे पाहुणे धाडले!

शेक तेवढा दिला. बाटली देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात. कार्तिकात बघू! ह्यांनी विचारलं तर म्हणायचे, “लावते की रोज!” नेम जीव न मारण्याचा होता, खोटं न बोलण्याचा नव्हता.

आमच्या सासूबाईंना दिसत नाही. रोज संध्याकाळी मी त्यांना पोथी वाचून दाखवते; त्या वेळेची त्या दिवसभर वाट बघतात. महिन्याभरात मला अक्षरं धूसर दिसायला लागली. एका संध्याकाळी एकच ओवी दोनदा वाचली, मग एक पानच गाळलं. सासूबाईंना पोथी तोंडपाठ!

“थांब. डोळ्याला काय झालंय तुज्या?”

सगळं कबूल केलं.

“व्हय गं! माजं डोळं गेलं ते गेलं, आता तुजं किड्यास्नी दान केलंस? मग पोथी कोण वाचंल, ती किडी?”

दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई बराच वेळ बघत राहिल्या. “बुबुळाला जखम व्हायला लागलीय, काकू. आणखी उशीर झाला असता, तर डाग कायमचा राहिला असता.”

जगातले सगळे जीव मोजले होते मी. सासूबाईंचा तेवढा राहिला होता. रडत रडत नेमाचं सांगितलं.

हे लगेच म्हणाले, “डॉक्टर, परवाच हिनं ज्वारीतले सोंडकिडे गच्चीत उन्हात घातले. विचारा की!”

“ते मी नाही मारले,” मी म्हटलं, “त्यांना ऊन लागलं!”

डॉक्टरीणबाईंनी चेहरा अगदी गंभीर ठेवला. “मग हे पापण्यांतले किडेही तुम्ही मारू नका. त्यांना औषध लागेल.”

आता अक्षरं पुन्हा जागेवर बसलीत, देवाची कृपा. औषध नेमानं चालू आहे. पापण्या पुसताना डोळे मिटावेच लागतात, ते एक बरं आहे. पुढं पाहुण्यांचं काय होतं, ते मी पाहिलेलंच नसतं!