पुढ्यात येऊन बोल

बाबांना डोंगरावर न्यायचं म्हटल्यावर आई भडकलीच. "गावाक डोंगर कमी होते म्हणान आमी मुंबैक इलंव काय?" असं विचारून तिने पोळपाट आपटला. डोकं माझंही तापट. मी म्हटलं, सोमवारपासून ते रात्रपाळीच्या वॉचमनकीला जाणार, मग कुठली सुट्टी आणि कुठलं काय. या शनिवारी-रविवारी ते माझ्याबरोबर येणार म्हणजे येणार.

मी तेव्हा दादरला टायपिस्ट होते आणि ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या नादाने हायकिंगच्या ग्रुपमध्ये जाऊ लागले होते. बाबांचं मात्र लालबाग सुटत नव्हतं. ते साचेखात्यात होते, म्हणजे गिरणीत मागावर कापड विणायचे. संपात गिरणी बंद पडली. पुढे काही जणांना परत घेतलं, बाबांना नाही. संप मिटला असं आम्हाला कुणी कधी सांगितलंच नाही, नुसती वर्षं गेली. बाबा गॅलरीत स्टुलावर बसून राहायचे आणि हळूहळू त्यांचं बोलणंच आटलं. अशी गप्प झालेली माणसं आमच्या चाळीत मजल्यामजल्यावर होती, त्यामुळे आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नाही.

मग मामाने खटपट करून त्यांना रे रोडला एका लाकडाच्या वखारीत रात्रीच्या पहाऱ्याचं काम मिळवून दिलं. वखारीत चोऱ्या व्हायच्या म्हणून मालकाला भरवशाचा माणूस हवा होता. त्या दिवशी घरात कितीतरी दिवसांनी शिरा झाला आणि बाबांनी दाढी केली. हे काम टिकलं तर बाबा पुन्हा माणसांत येतील आणि हेही गेलं तर ते त्या स्टुलावरून उठायचे नाहीत, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

आमच्या घरात एक नियम होता. बाबांशी पाठीमागून बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर त्यांच्या पुढ्यात जाऊन उभं राहायचं आणि मग तोंड उघडायचं. आईने हा नियम मला लहानपणीच धपाटे घालून शिकवला होता. ती स्वतःसुद्धा तो पाळायची. भांडायचं असलं तरी हात पुसत बाहेर यायची, बाबांच्या समोर उभी राहायची आणि मग सुरुवात करायची. मला वाटायचं, ही आमच्या कोकणातली मान द्यायची रीत असेल. मी चिडून कधी मागूनच हाक मारली तर बाबा वळायचे नाहीत, आणि मला वाटायचं, नियम मोडला म्हणून शिक्षा चाललीय. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. त्यात आईला कोपराने ढोसायची खोड. दारात कुणी आलं, कुणी काही विचारलं की ही शेजारी बसून बाबांच्या बरगडीत कोपर मारणारच. मी तिला म्हणायचे, अगं, त्या माणसाला जरा सुखाने बसू दे.

शनिवारी निघताना आईने मला दारात थांबवलं. "तेंका मागे टाकू नको. आणि बोलशीत तर पुढ्यात येऊन बोल," म्हणाली. मी म्हटलं, हो गं बाई, डोंगरावरपण देते मान.

डोंगर कर्जतच्या बाजूचा. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या तुम्ही चिप्सची पाकिटं घेऊन तिथे हजर व्हाल. गणपती उलटले होते, पाऊस जाता जाता रेंगाळला होता. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दाट जंगल, अंजनी आणि जांभळीची झाडं, मध्ये कारवीचं रान, पायाखाली कुजलेल्या पानांचा गादीसारखा थर. आमचा लीडर गिरगावातला, बँकेत कारकून. स्वभावाने मास्तर. चढायच्या आधी त्याने सगळ्यांना गोल उभं करून नियम सांगितले. माथ्यावर धुकं उतरलं आणि शिट्टी ऐकू आली की असाल तिथे थांबायचं, कारण पश्चिमेकडे कडा तुटलेला आहे. बाबांनी त्याच्याकडे एकटक बघत मान डोलावली. लीडर मला म्हणाला, तुझे वडील फार लक्ष देऊन ऐकतात. मला बरं वाटलं.

अर्ध्या वाटेत तो एकदम थांबला आणि ओठांवर बोट ठेवलं. झाडीत शीळकरी कस्तुर गात होता. रिकामटेकडा मुलगा शीळ घालत नाक्यावर उभा असावा, अगदी तसा आवाज. सगळे पुतळ्यासारखे उभे राहिले. बाबा पुढे होते. ते आपले फांद्या मोडत, पानं तुडवत खुशाल चालत राहिले आणि पक्षी उडून गेला. लीडरच्या कपाळावर आठी चढली. मी मागून हाक मारली, तर बाबांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. अख्ख्या ग्रुपसमोर माझं नाक कापलं गेलं असं मला वाटलं आणि पुढचा चढ मी फणफणत चढले.

पण माथ्यावर पोचल्यावर राग कुठल्या कुठे गेला. पठारभर सोनकी फुलली होती, सगळं पिवळंधमक. मधोमध पडकं देऊळ, त्याच्या आडोशाला आम्ही कॅनव्हासचे दोन तंबू ठोकले. बाबांनी तंबूचं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि नाक मुरडलं, तेव्हा मला हसू आलं. उन्हं उतरताना आम्ही कड्यावर जाऊन बसलो. खाली सगळं कोकण पसरलं होतं, नद्यांच्या चकाकत्या रेघा, डोंगरामागे डोंगर. बाबा दक्षिणेकडे बोट करून म्हणाले, आपला गाव त्या अंगाला. आणि हसले. संप सुरू झाल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मी मनात म्हटलं, आई उगाच कटकट करत होती.

सकाळी चहासाठी सुकी काटकी आणायला बाबा झाडीकडे गेले. मी चूल मांडत होते. बघता बघता खालून धुकं आलं आणि सगळं पुसून टाकलं, देऊळसुद्धा दिसेना. लीडरने शिट्टी फुंकली. एकेक जण हाका मारत ओ देऊ लागला. बाबांची ओ आली नाही. मी हाका मारल्या. लीडर थांबून थांबून शिट्टी फुंकत होता, मी घसा फाटेपर्यंत ओरडत होते, आणि समोर नुसता पांढरा अंधार.

मग वारा आला आणि धुकं जरा फाटलं. बाबा दिसले. काखेत काटक्यांची मोळी, माझ्याकडे पाठ, आणि ते शांतपणे चालले होते सरळ कड्याकडे. माझ्या आणि त्यांच्यामध्ये फार अंतर नव्हतं. शिट्टी कानाचे पडदे फाडत होती. मी ओरडले, "बाबा, थांबा." ते थांबले नाहीत.

त्या क्षणी माझ्या मनात एकच आलं, बाबा जीव द्यायला चाललेत. संपानंतर आमच्या मागच्या चाळीतल्या एका साचेवाल्याने असंच स्वतःला संपवलं होतं. आदल्या दिवशी म्हणे तोही खूप हसला होता. ती दाढी, तो शिरा, गावाकडे दाखवलेलं बोट, सगळं एका झटक्यात माझ्या अंगावर आलं. मी धावले कशी ते मला आजही सांगता येणार नाही. मी मागून त्यांचा सदरा धरला आणि आम्ही दोघं ओल्या गवतात आपटलो. काटक्या उधळल्या. माझ्या पायाचा धक्का लागून एक दगड घरंगळत पुढे गेला आणि दिसेनासा झाला. तो कुठे पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

बाबा संतापून म्हणाले, "काय गो, येड लागला तुका?" मी त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि हंबरडा फोडला. आम्हाला टाकून का चालला होतात, आईचं काय केलं असतं, मी काय वाईट केलं होतं तुमचं, असं काहीबाही विचारत सुटले. बाबा उत्तर देईनात. नुसते पाठीवर थोपटत राहिले. मग म्हणाले, "खंय लागला काय? रडतंस कशाक?"

जणू मी काही बोललेच नव्हते.

मी तोंड वर केलं. बाबांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ती माझ्या ओठांवर येऊन थांबली होती. तेवढ्यात आमच्या अगदी मागे येऊन लीडरने बाकीच्यांना थांबवायला शिट्टी वाजवली. मी दचकून उडाले. बाबांची पापणीही हलली नाही.

मी पुन्हा त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं आणि माणसाने बोलू नये ते बोलले. चांगलं मोठ्याने बोलले.

"बाबा, आई मेली."

त्यांचा हात माझ्या पाठीवर थोपटतच राहिला.

तिथेच गवतात मी शुंभासारखी बसून राहिले. लीडर काहीतरी विचारत होता, मला कळत नव्हतं. मग मी आमच्या चाळीच्या पद्धतीने बोलले. ही पद्धत बाहेरच्यांना माहीत नसते. साचेखात्यात मागांचा खडखडाट इतका, की तिथे कुणी आवाजाने बोलतच नाही. नुसते ओठ हलवायचे, जोडीला हातवारे करायचे. ही माणसं सुट्टीच्या दिवशी समोरासमोरच्या गॅलऱ्यांतूनसुद्धा अशीच गप्पा मारायची. आम्ही पोरंही त्यात तरबेज, परीक्षेत उत्तरं विचारायला फार उपयोग व्हायचा. मी आवाज न काढता विचारलं, कधीपासून?

बाबा उधळलेल्या काटक्या गोळा करू लागले. मग म्हणाले, "गिरण चालू होती तवसर मी बहिरो नाय होतंय गो."

पुढचं त्यांनी हळूहळू सांगितलं. खात्यात सगळे सारखेच होते, तिथे कुणाला ऐकू येतं आणि कुणाला नाही ते कळायचा प्रश्नच नव्हता. गिरणी बंद झाली, माणसं पांगली, कुणी गावी गेलं, आणि ओठांनी बोलणारे कमी कमी होत गेले. आज धुक्यात त्यांना वाटलं होतं, तंबू त्या अंगाला आहेत. बस, एवढंच. मरायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना फक्त चहा हवा होता. मग त्यांनी माझा हात धरला. "आयेक सांगू नको. काम जायत," म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण उतरताना मला वखार दिसायला लागली. काळोखातली लाकडं, मागून कुणीतरी चढून येतंय, आणि दंडुका घेऊन उभा असलेला हा पाठमोरा माणूस. सगळी वाट मी त्यांच्या पुढून चालले आणि काही सांगायचं झालं की वळून उभी राहिले. कस्तुर पुन्हा शीळ घालत होता. मला तो ऐकवेना.

घरी आल्यावर बाबा नेहमीसारखे गॅलरीत जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून. आई दारातच तांदूळ निवडत होती. मान डोलावून बाबांना दिलेला शब्द मोडायची माझी तयारी झाली होती. मी तिच्या कानाशी जाऊन कुजबुजत सांगितलं की सोमवारचं काम रद्द कर, बाबांना ऐकू येत नाही, अजिबात येत नाही.

आईने सूप खाली ठेवलं नाही की वर पाहिलं नाही. "कुजबुजतंस कित्याक?" ती म्हणाली. चांगलं खणखणीत, हातभर अंतरावर बसलेल्या बाबांच्या पाठीमागे. "माका म्हायत आसा. तुझ्या जन्माच्या आदीपासून म्हायत आसा."

दहा बाय बाराच्या खोलीत मी जन्म काढला होता. तिथे कुणाच्या पोटात गुडगुडलं तरी सगळ्यांना कळायचं.

मी विचारलं, मग वखारीचं काय. आई तांदळातले खडे काढत राहिली. "मी जातलंय ना तेंच्या वांगडा. कान माजे, काठी तेंची." मामाला तिने आधीच सांगून ठेवलं होतं. बाबांना सांगितलं होतं की खोलीत उकाड्याने झोप येत नाही, रे रोडला दर्याचा वारा असतो, तिथे ती पथारी टाकेल. बाबांनी कुरकुर केली होती, पण त्यांनाही ते हवंच होतं बहुतेक. मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "माका म्हायत आसा ह्यां तेंका कळता कामा नये. पुरुष माणूस, लाजतलो."

सोमवारी संध्याकाळी दोघं निघाले. बाबांच्या हातात दंडुका, आईच्या काखेत चादर आणि डबा. मी गॅलरीत उभी होते. ते चाळीच्या फाटकाशी पोचले आणि मला राहवलं नाही. नियम विसरून मी वरून हाक मारली, "बाबा."

आईने मागे वळून पाहिलं नाही. चालता चालताच तिने बाबांच्या बरगडीत कोपर मारलं. बाबा थांबले, वळले, आणि मान वर करून माझ्या ओठांकडे बघत उभे राहिले.