त्या काठ्या कशाच्या होत्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, माझ्या हाताखाली खेळून गेलेल्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट कळत नाही.

परभणीत मला 'बास्केटबॉलवाले सर' म्हणतात. आमच्या कॉलेजच्या टीमनं हैदराबादच्या मुलांना त्यांच्याच मैदानावर हरवलं, ढाली आणल्या, स्टेशनापासून माझी मिरवणूक निघाली. कॉलेजच्या भिंतीवर माझा फोटो आहे. तो पाहिला की मला किळस येते. विनयानं म्हणत नाही — आंबलेल्या भाकरीचा वास यावा, तशी किळस.

माझा सराव सगळ्यांना ठाऊक आहे. अडवणाऱ्यानं डोक्यावर लांब काठी धरून उभं राहायचं, आणि चेंडू टाकणाऱ्यानं त्या काठीवरून, उंच कमान काढून, कडीत टाकायचा. आमची बुटकी मुलं या सरावावर सहा-सहा फुटी गड्यांच्या डोक्यावरून चेंडू टाकायची. 'सरांची काठी' म्हणायचे लोक.

सरांची? कसली सरांची! ती गफूर मास्टरांची.

गफूर मास्टर निजामीत आमच्या हायस्कूलचे ड्रिल मास्टर. मी चारठाण्याहून शिकायला आलेला. त्यांनी माझ्या हातात चेंडू दिला, मॅट्रिक झाल्यावर हाताखाली नोकरी दिली. मी तापानं फणफणलो तेव्हा त्यांच्या घरून आठवडाभर पेज यायची.

मग निजामी गेली. परभणीत कॉलेज काढायचं ठरलं, तिथं खेळाच्या मास्तराची जागा निघाली. ती गफूर मास्टरांनाच मिळणार, हे उघड होतं. त्याच सुमाराला जुन्या नोकरदारांची चौकशी लागली — रझाकारांना कोण सामील होतं, कोण नव्हतं. कुणीतरी निनावी अर्ज टाकला, की गफूर मास्टर मैदानात लाठ्यांची कवायत घ्यायचे. तो अर्ज माझा नव्हता. नव्हताच. पण त्यानं काय होतं?

चौकशीला आधी किसनला बोलावलं. किसन वालूरचा, घरी मेंढरं, आमच्या टीमचा सगळ्यात चपळ गडी. मी शेजारीच बसलो होतो.

"साहेब, त्या काठ्या खेळायच्या हायेत," तो म्हणाला. "मीच धरून हुबा ऱ्हातो की रोज. मारामारीच्या न्हाईत."

साहेब हसले. मेंढक्याला काय कळतंय, असं ते हसणं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले आहात. मैदानात काठ्या घेऊन कवायत चालायची का?"

"चालायची," मी म्हणालो.

"रोज?"

"रोज."

झालं. एवढंच. एक अक्षर खोटं नाही — बघा केवढी हुशारी! पुढचं वाक्य माझ्या घशात अडकलं, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो. अडकलं होतं का खरंच? नाही. काहीच अडकलं नव्हतं. साहेब लिहून घेत होते, आणि मी त्या कॉलेजातल्या जागेचा विचार करत होतो. कागद पुढे आला. मी तो वाचला, आणि सही केली. कुणी दरडावलं नव्हतं.

बाहेर आल्यावर किसननं विचारलं, "तुमी अर्धंच का सांगितलं?"

"तुला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. तो वळला आणि चालायला लागला. पुन्हा मैदानात आला नाही.

मास्टरांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या खोलीवर आले. मला वाटलं, कळलं यांना. पण ते माझ्या खाटेवर बसले आणि म्हणाले, "कोई झूठ बोल्या रे मेरे खिलाफ. तू तो सच्ची बोल्या होंगा, मेरेकू मालूम है."

मी काय म्हणालो असेन?

"जी, मास्टरसाब."

त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो. चौकशीत एकही खोटा शब्द न बोललेला मी, हे मात्र सरळ खोटं बोललो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग आपली उर्दू वही काढून दिली — सगळे सराव, सगळे डाव, आकृत्यांसकट. "मैदान अब तू संभाल."

ती वही मी मराठीत उतरवून घेतली आणि मूळ वही बंबात घातली. जागा मला मिळाली. वर्षामागून वर्षं आम्ही जिंकत गेलो. मास्टर स्टेशनाजवळ सायकली दुरुस्त करत बसायचे. माझी मिरवणूक तिथून निघाली तेव्हा ते तेलकट हातांनीच टाळ्या वाजवायला लागले — माझा शागीर्द, माझा शागीर्द, म्हणून शेजारच्या दुकानदाराला दाखवायला लागले. मी मान दुसरीकडे वळवली. संध्याकाळी सत्कारात कुणीतरी विचारलं, सर, तुमचे गुरू कोण? मी म्हणालो, पुस्तकं वाचून माझं मीच शिकलो. लय टाळ्या पडल्या.

पुढे ते लेकीकडे नांदेडला गेले. एक दिवस तिचं कार्ड आलं, उर्दूत. अब्बा गेले. शेवटच्या दिवसांत घरी येईल त्याला तुमचंच नाव सांगायचे — सगळे फिरले, तो एकटा माझ्या बाजूनं बोलला. म्हणून तुम्हाला कळवतेय.

मला उर्दू लिहिता येतं. चांगलं येतं. मी उत्तर लिहिलं नाही.